बटणावरचे गिअर

1956 ते 1964 या नऊ मॉडेल-वर्षांत अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीने विकलेल्या जवळजवळ सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना गिअरचा दांडा नव्हता. त्याऐवजी स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला डॅशबोर्डवर चार-पाच बटणे असत. पुढे जायचे तर ‘डी’ दाबायचे, मागे यायचे तर ‘आर’, आणि गाडी मोकळी ठेवायची तर ‘एन’. दाबलेले बटण आत अडकून राही आणि दुसरे दाबले की पहिले बाहेर येई. क्रायस्लरच्या पाठोपाठ किंवा तिच्या बरोबरीने पॅकार्ड, मर्क्युरी, एडसेल आणि रॅम्बलर या गाड्यांनीही बटणे स्वीकारली. यांतल्या काहींची बटणे एका वर्षात बंद पडली, तर क्रायस्लरची बटणे उत्तम चालत असताना काढून टाकली गेली. एकच कल्पना दोन निरनिराळ्या कारणांनी कशी संपली, हे समजून घ्यायचे तर बटणामागे नेमके काय दडलेले होते ते पाहावे लागते.

बटणाने गिअर बदलण्याची हौस ऑटोमॅटिक गिअरबॉक्सहून जुनी आहे. 1914 साली इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावच्या हेन्स कंपनीने आपल्या मोटारीत ‘व्हल्कन’ नावाची विजेची गिअर-योजना बसवली. स्टिअरिंगच्या मध्यभागी बटणे होती. चालक हवा तो गिअर बटणाने आधी निवडून ठेवी आणि मग क्लचचे पेडल दाबले की विद्युतचुंबक गिअरचे दांडे ओढून जागेवर बसवत. त्या काळी गिअर घालणे हे मनगटाच्या जोराचे आणि सरावाचे काम होते. दातेरी चाके एकमेकांवर घासून मोठा आवाज होई आणि नवशिका त्यालाच घाबरे. सेल्फ-स्टार्टर येऊन दोनच वर्षे झाली होती. हँडल मारण्याचे कष्ट वीज वाचवू शकते, तर गिअरचे का नाही, हा विचार स्वाभाविक होता. इंडियानापोलिसच्या प्रीमिअर मोटारीतही पुढे कटलर-हॅमर कंपनीची चुंबकीय गिअर-योजना आली. मात्र तेव्हाच्या बॅटऱ्या, तारा आणि स्विच इतक्या कामाला पुरे पडणारे नव्हते. 1935 मध्ये हडसन गाड्यांत आलेला ‘इलेक्ट्रिक हँड’ आणि 1936 च्या कॉर्ड 810 मधली तशीच योजना यांत स्टिअरिंगजवळच्या छोट्याशा खुंटीने गिअर निवडता येई, आणि प्रत्यक्ष जोर इंजिनातल्या निर्वाताचा असे. क्लच आणि दातेरी चाके मात्र जुनीच राहिली.

खरा बदल 1940 च्या मॉडेलांबरोबर झाला. जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ हा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स 57 डॉलर जादा घेऊन द्यायला सुरुवात केली. क्लचचे पेडल गेले. ग्रहमालेसारख्या रचनेची चाके कायम एकमेकांत गुंतलेली असत आणि कोणता संच धरायचा, कोणता सोडायचा हे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या झडपा ठरवत. पुढच्या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. अशा गिअरबॉक्समध्ये चालकाच्या हाताला कसलेही वजन उचलायचे नसते. त्याने फक्त एक लहानशी झडप काही मिलिमीटर पुढेमागे सरकवायची असते. ती लांब दांड्याने सरकवा, छोट्या खुंटीने सरकवा, की बोटाने दाबायच्या बटणाने, गिअरबॉक्सला फरक पडत नाही. दांडा राहिला तो लोकांना तो ठाऊक होता म्हणून.

या शर्यतीत क्रायस्लर मागे पडली होती. ब्यूक, शेवरोले, पॅकार्ड, फोर्ड या सगळ्यांकडे 1951 पर्यंत स्वतःचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होते. क्रायस्लर मात्र ‘फ्लुइड ड्राइव्ह’ या अर्धवट स्वयंचलित योजनेवर काम भागवत राहिली, आणि तिच्यात क्लचचे पेडल होतेच. तिचा पहिला खरा ऑटोमॅटिक, दोन गतींचा ‘पॉवरफ्लाइट’, 1953 च्या अखेरीस आला. 1954 चे वर्ष कंपनीला फार जड गेले. गाड्या भक्कम असल्या तरी दिसायला जुनाट, अशी त्यांची ओळख होऊन बसली होती आणि गिऱ्हाईक दूर जात होते. कंपनीने प्रुडेन्शियल विमा कंपनीकडून 25 कोटी डॉलरचे कर्ज उभारले आणि रचनाकार व्हर्जिल एक्सनर यांच्या ‘फॉरवर्ड लुक’ या नव्या रूपावर सगळे पणाला लावले. 1955 च्या गाड्यांत गिअरसाठी डॅशबोर्डातून बाहेर आलेली एक बारीक दांडी होती. 1956 मध्ये तीही गेली आणि बटणे आली. त्याच वर्षी कंपनीने गाडीत बसवायचा ‘हायवे हाय-फाय’ नावाचा रेकॉर्ड-प्लेअरही काढला. आपण जुन्या वळणाचे राहिलो नाही हे लोकांच्या डोळ्यांत भरेल असे काहीतरी कंपनीला हवे होते. घराघरांत धुलाईयंत्रे आणि विजेच्या शेगड्या बटणांवर चालू लागल्या होत्या, तेव्हा बटण हे नव्या जमान्याचे चिन्ह ठरणे साहजिक होते.

दिखाऊपणाचा हा हेतू मान्य केला तरी आतली रचना मात्र विलक्षण साधी आणि हुशार होती. तिच्यात वीज नव्हती. बटण दाबले की त्याची मागची तिरकी कड एका पत्र्याच्या सरकपट्टीला बाजूला ढकले. सरकपट्टीला जोडलेली एक जाड पोलादी केबल बोनेटखालून थेट गिअरबॉक्सपर्यंत जाई आणि आतली झडप सरकवी. प्रत्येक बटणाची तिरकी कड वेगळ्या जागी कापलेली असल्याने प्रत्येक बटण केबलला वेगळ्या अंतरावर नेऊन थांबवी. केबलची लांबी कमी-जास्त करायला गिअरबॉक्सच्या बाजूला हाताने फिरवायचे एक लहान चाक होते. ते नीट लावलेले नसेल तर झडप अर्धवट उघडे, तेलाचा दाब पुरेसा पोहोचत नसे आणि आतल्या क्लचच्या चकत्या घसरून जळत. गॅरेजमधल्या मेकॅनिकला एवढे एक जपावे लागे. बॅटरी उतरली, फ्यूज उडाला, तरी केबल आपले काम करी. रात्री बटणांवरची अक्षरे दिसावीत म्हणून मागे एक छोटा दिवा होता, तेवढाच काय तो विजेचा संबंध.

चुकून चालत्या गाडीत ‘आर’ दाबले तर काय, ही धास्ती विकत घेणाऱ्याला वाटणारच. त्यासाठी गिअरबॉक्समध्ये एक वेगळी झडप होती. गाडी वेगात पुढे जात असताना रिव्हर्सचे बटण दाबले गेले तर ती गिअर लागू न देता गाडी न्यूट्रलमध्ये टाकी. बटणे डावीकडे ठेवण्यातही विचार होता. अमेरिकेतल्या गाड्यांत चालक डावीकडे बसतो, त्यामुळे शेजारी बसलेल्या लहान मुलाचा हात तिथवर पोहोचत नसे.

1956 च्या मध्यावर इंपीरियल गाडीत आणि 1957 पासून इतर गाड्यांत तीन गतींचा ‘टॉर्कफ्लाइट’ आला, आणि बटणांना साजेसे यंत्र मिळाले. फोर्डमध्ये काम केलेले अभियंते हॉवर्ड सिम्पसन यांनी ग्रहचक्रांचा एक नवा जोड शोधून त्याचे पेटंट घेतले होते. दोन संचांना एकच सूर्यचाक, आणि त्यातून तीन पुढच्या गती नि एक रिव्हर्स. हा जोड उत्पादनात सर्वप्रथम वापरला तो टॉर्कफ्लाइटने. आता बटणे पाच झाली: ‘आर’, ‘एन’, ‘डी’, ‘2’ आणि ‘1’. टॉर्कफ्लाइट इतका टिकाऊ निघाला की युरोपातल्या महागड्या गाड्या बनवणाऱ्यांनीही तो विकत घेतला. फ्रान्सची फासेल व्हेगा आणि ब्रिटनची ब्रिस्टल 407 या क्रायस्लरच्या व्ही-8 इंजिनासह हा गिअरबॉक्स आणि बटणे, सगळे घेऊन आल्या. ऑस्ट्रेलियात बनणाऱ्या व्हॅलियंट गाड्यांतही बटणे होती. अमेरिकेच्या ड्रॅग-शर्यतींत 1963 आणि 1964 साली प्लिमथ आणि डॉजच्या मोठ्या इंजिनांच्या गाड्यांनी दबदबा निर्माण केला, त्यांतल्या पुष्कळशा बटणांच्याच होत्या. शर्यतवाल्यांना बटण आवडे, कारण दांडा घाईत एक घर पुढे निसटू शकतो, तर ‘1’ नंतर ‘2’ दाबताना तसे होत नाही.

एक उणीव मात्र खरीखुरी होती. सुरुवातीच्या या गिअरबॉक्सना ‘पार्क’ ही जागाच नव्हती. इतर कंपन्यांच्या गाड्यांत ‘पी’ लावले की आत एक खिट्टी दातेरी चाकात अडकून गाडी जागच्या जागी जखडली जाते. क्रायस्लरचा चालक गाडी उभी करताना ‘एन’ दाबून हँडब्रेक ओढी, आणि तो हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या शेपटीला, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर होता. तो ढिला झाला किंवा ओढायचा राहून गेला की उतारावर गाडी सुटण्याचा धोका. 1960 च्या दशकाच्या आरंभी बटणांच्या शेजारी सरकवायची एक वेगळी खिट्टी देऊन ही उणीव भरून काढली गेली. त्यासाठी आणखी एक केबल लागली आणि बटणांची मूळची सुटसुटीत मांडणी थोडी बिघडली.

भारताचाही क्रायस्लरशी संबंध होता. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशीच करार केला होता आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जुळवल्या जात होत्या. पण इथल्या रस्त्यांवर रुळला तो स्टिअरिंगखालचा, हाताने बदलायचा गिअर. फियाट 1100 आणि पुढे प्रीमिअर पद्मिनी याच पद्धतीच्या होत्या, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवर हात बसवलेल्या पिढ्यांचा गिअर तोच.

अमेरिकेत क्रायस्लरच्या स्पर्धकांनी बटणे उचलली, पण साधी केबल प्रत्येकाने घेतली नाही. मर्क्युरीने 1957 मध्ये डॅशबोर्डवर बटणांची पट्टी दिली आणि रॅम्बलरने 1958 पासून ‘फ्लॅश-ओ-मॅटिक’ गिअरबॉक्सला बटणे जोडली. या दोन्ही योजनांचा फारसा गाजावाजा झाला नाही. पॅकार्ड आणि एडसेल यांनी मात्र वीज निवडली आणि तिथे गोष्ट बिघडली.

पॅकार्ड ही एके काळी अमेरिकेतली सर्वांत मानाची मोटार. 1956 मध्ये ती आर्थिक संकटात होती, आणि ‘अल्ट्रामॅटिक’ या स्वतःच्या गिअरबॉक्सला तिने विजेची बटणे दिली. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला एका दांडीवर बटणांची छोटी पेटी होती. बटण दाबले की गिअरबॉक्सवर बसवलेली मोटर फिरे आणि झडप सरकवी. चावी बंद केली की गाडी आपोआप ‘पार्क’मध्ये जाई, ही सोय कागदावर सुरेख होती. पण संपर्काच्या पट्ट्यांवर गंज चढे आणि मोटर चुकीच्या जागी थांबे. सर्वांत त्रासदायक प्रसंग चढावर येई. गाडी ‘पार्क’मध्ये उभी असताना तिचे सगळे वजन आतल्या छोट्या खिट्टीवर पडते. माणूस दांडा जोराने ओढून ती खिट्टी सोडवू शकतो, पण त्या मोटरमध्ये तेवढा जोर नव्हता. मोटर कण्हत राही आणि गाडी जागची हलत नसे. जून 1956 मध्ये पॅकार्डने डेट्रॉइटमधले उत्पादन थांबवले. कंपनीच्या मृत्यूची कारणे कितीतरी मोठी होती, तेव्हा तो दोष बटणांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण दर्जासाठी ओळखल्या जाणाऱ्या नावाची गाडी डेट्रॉइटमधल्या शेवटच्या वर्षात चढावर अडून बसावी, हे त्या नावाला शोभणारे नव्हते.

फोर्डच्या एडसेलने तीच चूक अधिक थाटात केली. 4 सप्टेंबर 1957 रोजी प्रचंड जाहिरातबाजीनंतर ही गाडी लोकांपुढे आली. हेन्री फोर्ड यांच्या दिवंगत मुलाचे नाव तिला दिले होते. तिची ‘टेलीटच’ बटणे स्टिअरिंगच्या ऐन मध्यावर बसवलेली होती. चाक फिरले तरी मधला भाग स्थिर राहावा, ‘डी’ हे अक्षर कायम सरळ दिसावे, म्हणून चाकाच्या आत ग्रहचक्रांचा एक लहान संच घातला होता. अभियांत्रिकीच्या नजरेने पाहिले तर हे काम सुबक होते, आणि हात चाकावरून न काढता गिअर बदलता येणे ही कल्पनाही चांगली होती.

दैनंदिन वापरात मात्र तिचे हाल झाले. स्टिअरिंगचा मध्य ही अमेरिकन चालकाच्या हाताला माहीत असलेली हॉर्नची जागा. समोर कुणी आडवे आले की तळहात आपसूक तिथे पडे, आणि हॉर्न वाजण्याऐवजी गिअर बदले. गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या तारा इंजिनाच्या धूर सोडणाऱ्या तापलेल्या नळाच्या फार जवळून नेल्या होत्या. त्या भाजून निघत आणि बटणे मनमानी वागू लागत किंवा पूर्ण बंद पडत. चढावरचा ‘पार्क’चा प्रश्न इथेही तसाच होता, म्हणून आधी हँडब्रेक ओढा आणि मगच ‘पार्क’ दाबा, असे विक्रेते गिऱ्हाइकाला बजावत. भरीस भर म्हणजे एडसेलला स्वतःचा कारखाना नव्हता. फोर्ड आणि मर्क्युरीच्या गाड्यांमध्येच अधूनमधून एडसेल जुळवली जाई. एरवी सरळ दांडा बसवणाऱ्या कामगाराच्या हाती मध्येच तारांचे हे गुंतागुंतीचे काम येई, आणि ते सफाईने होणे कठीणच होते. गॅरेजवाल्यांना ही योजना उलगडेना. 1959 च्या एडसेलमधून टेलीटच गायब झाली आणि नोव्हेंबर 1959 मध्ये एडसेलही संपली.

विजेची बटणे अशी आपल्याच दोषांनी बुडाली. क्रायस्लरची केबलवाली बटणे मात्र 1964 पर्यंत बिनतक्रार चालली. त्या वर्षी 1 एप्रिलला बाजारात आलेल्या प्लिमथ बाराकुडातही ती होती. 1965 च्या मॉडेलांत मात्र कंपनीने सरसकट स्टिअरिंगचा दांडा किंवा दोन आसनांमधला दांडा दिला.

सरकारने बटणांवर बंदी घातली, असे जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये आजही सांगितले जाते. तारखा पाहिल्या तर ते जुळत नाही. सरकारी खरेदीच्या मोटारींसाठी सुरक्षिततेचे निकष ठरवणारा कायदा ऑगस्ट 1964 अखेरीस संमत झाला. अलाबामाचे लोकप्रतिनिधी केनेथ रॉबर्ट्स हे त्याचे पुरस्कर्ते होते. त्यानुसार ठरलेले निकष लागू झाले ते 1967 च्या मॉडेलांना. कायदा आला तेव्हा क्रायस्लरच्या 1965 च्या, दांडा असलेल्या गाड्या विक्रीला निघण्याच्या बेतात होत्या. निर्णय त्याआधीच झालेला होता.

तरी हवा कोणत्या दिशेने वाहत आहे, हे कंपनीला दिसत असणार. सरकारी निकषांत ‘पी-आर-एन-डी-एल’ हा क्रम सर्वांना सारखा असावा, अशी अट आली. या अटीचे मुख्य लक्ष्य क्रायस्लर नव्हती. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत रिव्हर्सची जागा अगदी शेवटी, ‘लो’च्या शेजारी होती. एका गाडीची सवय झालेला माणूस दुसऱ्या गाडीत बसला की पुढे जायचे म्हणून मागे जाई, आणि त्यातून माणसे चिरडली जात होती. राल्फ नेडर यांनी 1965 च्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकात या बेशिस्तीवर कडक टीका केली. 1966 च्या वाहन-सुरक्षा कायद्यानंतर 1968 पासून लागू झालेल्या केंद्रीय मानक क्रमांक 102 ने पुढच्या गती आणि रिव्हर्स यांच्या मध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे, असे बंधन घातले. त्या मानकानेही बटणांना मनाई केली नाही.

बाजाराचे कारण अधिक खरे वाटते. 1961 मध्ये लिन टाउनसेंड कंपनीचे अध्यक्ष झाले तेव्हा बाजारातला क्रायस्लरचा वाटा घसरलेला होता. नवे गिऱ्हाईक मिळवायचे तर ते फोर्ड आणि शेवरोलेकडूनच ओढून आणायला हवे होते, आणि त्या गिऱ्हाइकाचा हात दांड्यावर बसलेला होता. शोरूममध्ये गाडी चालवून पाहताना पहिल्याच मिनिटाला तो चाचपडला तर विक्री अवघड. शाळांमधून मोटार शिकणारी मुलेही बहुतेक दांड्यावरच शिकत. शिवाय 1960 च्या दशकात दोन आसनांमधला छोटा दांडा हे तरुणपणाचे आणि वेगाचे लक्षण झाले होते. 1956 मध्ये जे बटण नवेपणाची खूण होते, ते 1964 पर्यंत विक्षिप्त वाटू लागले. गिअरबॉक्स तोच राहिला, आणि 1965 च्या गाड्यांत तर नव्या दांड्याच्या खाली झडप सरकवणारी केबलही कायम होती.

युरोपात रेनोने 1960 च्या दशकात डोफीन आणि रेनो 8 या छोट्या गाड्यांना येगर कंपनीची बटणवाली स्वयंचलित योजना दिली. तिच्यात लोहचूर्णाचा विद्युतचुंबकीय क्लच होता. पुढची काही दशके बटणे खाजगी मोटारींतून जवळजवळ नाहीशी झाली. ती टिकली शहरी बसगाड्यांत. तिथे चालक प्रशिक्षित असतो आणि दिवसभर तीच गाडी चालवतो, त्यामुळे सवयीचा प्रश्नच येत नाही. 2000 नंतर गिअरबॉक्सचा कारभार संगणकाकडे गेला, केबलची गरज उरली नाही आणि बटणे मोटारींत परतली. अ‍ॅस्टन मार्टिनच्या डीबी-9 मध्ये ती आली, लिंकनच्या गाड्यांत आली. 2015 मध्ये लिंकनच्या एमकेसी गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. गिअरच्या बटणांच्या उभ्या ओळीत सर्वांत खाली इंजिन चालू-बंद करायचे बटण होते. त्याच्या वरचे ‘स्पोर्ट’चे बटण दाबायला गेलेला हात चुकून त्यावर पडे आणि धावती गाडी बंद होई. कंपनीने ते बटण ओळीच्या वरच्या टोकाला हलवले.